कॅमेऱ्याला कप्पे, बियांना नाही

लिहून दिलेल्या वर्णनावरून संगणक चित्रफीत तयार करू लागल्यापासून अशा वर्णनांचे, म्हणजे प्रॉम्प्टचे, तयार संग्रह शिक्षकांच्याही हाती येऊ लागले आहेत. एकदा नीट लिहिलेला प्रॉम्प्ट पुन्हा पुन्हा वापरावा, ही कल्पना चांगलीच आहे. पण हे संग्रह चाळले की ते सिनेमावाल्यांसाठी रचलेले आहेत हे चटकन ध्यानात येते. 'सोनेरी प्रकाश', 'क्लोज-अप', 'संथपणे पुढे सरकणारा कॅमेरा' असे कप्पे त्यांत असतात. काय दाखवायचे, याला मात्र कप्पा नसतो.

बी रुजण्याचेच उदाहरण घ्या. 'ओल्या मातीत बी रुजते आहे, क्लोज-अप, सकाळचे ऊन' एवढ्यावर देखणी चित्रफीत मिळते. पण बी कोणते? घेवड्याची बीजपत्रे मातीबाहेर येतात. हरभऱ्याची आणि वाटाण्याची मातीतच राहतात. आधी मूळ बाहेर पडते, मग कोंब. प्रॉम्प्टने याबद्दल मौन पाळले, तर ती रिकामी जागा यंत्र आपल्या मनाने भरते. आणि त्याचे मन म्हणजे त्याला दाखवलेल्या असंख्य चित्रफितींत वारंवार दिसलेले आकार. ओपनएआयने २०२४ मध्ये 'सोरा' जाहीर केले, तेव्हा त्यांनीच सांगितले होते, की चित्रफितीतला माणूस बिस्किटाचा घास घेईल, पण बिस्किटावर चावल्याची खूण उमटेलच असे नाही. ही चूक सातवीतला मुलगा हसत हसत पकडेल. मातीबाहेर आलेली वाटाण्याची बीजपत्रे मात्र तो खरी मानील.

म्हणून शिक्षकाच्या संग्रहात प्रत्येक शॉटच्या नोंदीची सुरुवात 'काय दिसलेच पाहिजे' आणि 'काय दिसता कामा नये' येथून व्हावी. त्यानंतर न बदलणारा भाग: तेच बी, तेच भांडे, तीच पार्श्वभूमी, कॅमेऱ्याचे तेच अंतर. शेवटी बदलणारा भाग: कितवा दिवस आणि त्या दिवशीची वाढ. यंत्राचे नाव, आवृत्ती आणि सुरुवातीचा यादृच्छिक आकडा यांचीही नोंद हवी, कारण आकडा बदलला की त्याच शब्दांतून वेगळीच चित्रफीत निघते. (या आकड्याला इंग्रजीत 'सीड', म्हणजे बीच म्हणतात!) तो आकडा सर्वच यंत्रे वापरणाऱ्याला ठरवू देत नाहीत, हा भाग वेगळा.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पूर्वी 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेतले. तेथे शॉटचे वेळापत्रक रोपाने ठरवले होते. त्या फितीत जे दिसते ते घडलेले असते, म्हणून ती पुरावा ठरते. यंत्राची चित्रफीत फार तर हलणारी आकृती. तिला आकृतीइतकेच महत्त्व द्यावे.

वर्गात काचेचा पेला, टिपकागद आणि चार वाटाणे ठेवून मुलांनी आठवडाभर रोजची नोंद करावी. प्रॉम्प्ट त्या नोंदींवरून लिहावा, आणि संग्रहात तो ठेवताना कोणत्या वर्गाने कोणते बी किती दिवस पाहिले, तेही त्याखाली लिहावे.