गांधी नसलेला प्रसंग

रिचर्ड ॲटनबरोंचा ‘गांधी’ (१९८२) तीन तासांहून मोठा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो २ ऑक्टोबरला टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलाय, नाहीतर रील्समध्ये. त्यातला धारासणाचा प्रसंग मला सगळ्यात दमदार वाटतो. नेमके त्यातच गांधी नाहीत.

सत्याग्रहींची एक रांग मिठागराच्या फाटकाकडे चालत जाते. लाठ्या बसतात, माणसं कोसळतात. बायका जखमींना बाजूला नेऊन पट्ट्या बांधतात. पुढची रांग निघते. मग तिच्या पुढची. समोर काय होणार हे स्पष्ट दिसत असताना पाऊल उचलायचं म्हणजे काय, ते या पुनरावृत्तीतूनच अंगावर येतं. (कोल्हापूरच्या भानू अथैया यांना याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं, ते आठवतंच इथे.)

पण ही माणसं कोण? त्यांना कोणी उभं केलं? इथे चित्रपट घाई करतो.

गांधींना ५ मे १९३० ला अटक झाली आणि येरवड्याला ठेवलं गेलं. त्यांच्या जागी ७६ वर्षांचे अब्बास तय्यबजी आले, बडोदा संस्थानचे निवृत्त सरन्यायाधीश. आठवड्याभरात तेही आत. मग सरोजिनी नायडू. २१ मे रोजी धारासणाला सुमारे अडीच हजार माणसं त्यांच्या नेतृत्वाखाली उभी होती. आमच्या धंद्यात याला फेलओव्हर म्हणतात : एक सर्व्हर पडला की दुसरा काम उचलतो. आम्ही मात्र तो पडू नये अशी प्रार्थना करतो. इथे तो पडणारच, हे धरून सगळी आखणी होती. अहिंसेतला हा संघटनेचा भाग मला लाठीइतकाच थरारक वाटतो, आणि तोच पडद्यावर येत नाही.

त्याऐवजी मार्टिन शीनचा अमेरिकन पत्रकार फोनवरून बातमी सांगतो आणि प्रसंगाचा अर्थही तोच लावून देतो. त्या पात्रामागचा वेब मिलर खरा, त्याच्या बातमीने जग हललं हेही खरं. तरी रांगेतल्या एकाला तरी बोलू द्यायचं होतं.

सरोजिनीबाईंना त्याच दिवशी पकडलं. धारासणावरचे धावे त्यानंतरही चालू राहिले. चित्रपट तोवर आयर्विनच्या दालनात पोचलेला असतो, गांधींसोबत.