हुलिया अल्वारेझ : कोणाच्या वतीने बोलायचे?

स्थलांतरितांवर लिहिणाऱ्याला एक प्रश्न चुकवता येत नाही : तू कोणाच्या वतीने बोलतो आहेस? अमेरिकन लेखिका हुलिया अल्वारेझ यांचे तीन दशकांहून अधिक काळाचे कादंबरीलेखन या प्रश्नाशी झगडत आले आहे.

त्यांचा जन्म १९५० चा, न्यूयॉर्कमधला. बालपण मात्र आईवडिलांच्या देशात, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये गेले. वडील हुकूमशहा त्रुहियोविरुद्धच्या कटात सामील होते. जीव वाचवण्यासाठी १९६० मध्ये कुटुंब अमेरिकेत आले. दहा वर्षांच्या त्या मुलीची घरची भाषा स्पॅनिश, पुढे लेखन केले ते इंग्रजीत. घरात एक जबान आणि लेखनाला दुसरी, हा अनुभव आपल्यालाही परका नाही.

‘हाऊ द गार्सिया गर्ल्स लॉस्ट देअर ॲक्सेंट्स’ (१९९१) या पहिल्या कादंबरीत चार बहिणींची कथा उलट्या क्रमाने येते. १९८९ पासून मागे सरकत ती १९५६ च्या सुमाराच्या बालपणात पोचते. वाचकाला आधी तुटलेपण दिसते, काय तुटले ते नंतर कळते. पण हे कुटुंब सुखवस्तू आहे, घरात नोकरचाकर आहेत. त्यांपैकी हैतीची चुचा १९३७ च्या कत्तलीतून वाचलेली. मालक मंडळी देश सोडून गेल्यावर रिकाम्या घरात ती थोडा वेळ स्वतःच्या तोंडाने बोलते. मला ती या कादंबरीतली सर्वांत मोलाची पाने वाटतात.

‘यो!’ (१९९७) या शीर्षकाचा स्पॅनिश अर्थ ‘मी’. गंमत अशी की येथे लेखिका योलांदा सोडून इतर सारे बोलतात. घरातल्या गोष्टी छापल्याबद्दल नातेवाईक तिला जाब विचारतात. अल्वारेझ यांनी जणू स्वतःवरच भरलेला हा खटला आहे.

किशोरांसाठी लिहिलेली ‘रिटर्न टू सेंडर’ (२००९) व्हरमाँटमधल्या गोठ्यावर राबणाऱ्या मेक्सिकन कुटुंबाची कथा आहे. थोरली मारी मेक्सिकोत जन्मलेली, धाकट्या बहिणी अमेरिकेत. एकाच छपराखाली कागदपत्रांनी रेघ ओढली आहे. मारी निदान पत्रांतून स्वतःचे म्हणणे मांडते. ‘आफ्टरलाइफ’ (२०२०) मध्ये मात्र शेजारच्या गोठ्यावरचा मारिओ मदत मागायला येतो आणि आपण निवृत्त प्राध्यापिका अंतोनियाच्या मनातच राहतो. मारिओला आतून फारसे ओळखता येत नाही.

याला कोणी मर्यादा म्हणेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. दोघेही बाहेरून आलेले. पण एकीजवळ कागदपत्रे आहेत, दुसऱ्याजवळ नाहीत. दोघांचे दुःख एकच आहे असे सांगून वाचकाची सोय करायला अल्वारेझ तयार नाहीत.