मुक्कामाची एक ओळ

आपल्या मासिकाला प्रवासलेखांचा तोटा कधी पडत नाही. बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाला रविवारला जोडून एखादी सुटी मिळाली, की तो वाट धरतो आणि परतल्यावर लेखही लिहितो. या लेखांविषयी आमची एक तक्रार आहे. दुसऱ्या कोणाचा लेख तिच्यासाठी पुढे ओढण्यापेक्षा आम्ही आमचाच घेतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे एका सहकाऱ्याच्या मोटारीने दिल्लीहून ग्वाल्हेरीस गेलो. अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. मथुरेस एका वर्गमित्राकडे चहा, आग्र्यास जुन्या स्नेह्यांकडे जेवण आणि रात्री ग्वाल्हेरीस मुक्काम, असा बेत होता. त्यावर लिहिलेला लेख छापून आला. परवा तो पुन्हा वाचला आणि ओशाळलो. धौलपुरापुढे लागणाऱ्या चंबळेला आम्ही पाच परिच्छेद दिले आहेत. नदी पाहिली ती पूल ओलांडीपर्यंत, काचेतून; तेथल्या घळी आणि दरोडेखोर पूर्वीच्या वाचनातून आले. आग्र्याच्या वाट्याला मात्र एकच वाक्य : दुपारी स्नेह्यांकडे सुग्रास भोजन झाले.

वाक्य खोटे नाही, पण त्या दुपारचे त्यात काहीच नाही. स्नेही निवृत्तीला आले आहेत आणि पुण्यास परतावे की आग्र्यासच राहावे, हा प्रश्न त्या घरात रोज निघतो. मुलगा आमच्या मराठी प्रश्नांना हिंदीत उत्तरे देत होता आणि प्रत्येक उत्तरासरशी वहिनी आमच्याकडे पाहून हसत होत्या. त्यांनी पुरणपोळी केली होती. आम्ही मात्र उजेडी चंबळ गाठायची म्हणून घड्याळाकडे पाहत होतो. ‘आणखी अर्धा तास’ असे स्नेही तीनदा म्हणाले. आम्ही उठलो.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ याच प्रदेशातला. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने ते वरसईहून निघाले आणि 1857 च्या बंडात सापडले. हे पुस्तक 1907 साली चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केले. त्याची थोरवी सांगताना राणी लक्ष्मीबाईंच्या दर्शनाचा उल्लेख नेहमी होतो. आम्हांला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की भटजी उतरलेल्या घरचे होऊन राहतात. झाशीला वेढा पडला तेव्हा ते गावातच होते. गावावर आले ते त्यांच्यावरही आले. आपली गरिबी आणि पैशाची आशाही ते झाकीत नाहीत. आम्ही मात्र यजमानांचे दुःख झाकतो आणि वर त्याला सभ्यता म्हणतो.

यावर कोणी म्हणेल, ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्या घरातल्या गोष्टी छापाव्यात काय? आक्षेप खरा आहे. नावगाव बदलता येते, काही गोष्टी गाळाव्याही लागतात. येथेही आम्ही दोन गाळल्या आहेत. पण आमच्या लेखात आग्रा एका ओळीत आटोपले ते संकोचामुळे नव्हे. मित्राकडचा मुक्काम हा प्रवासाचा खोळंबा आणि प्रवास म्हणजे पाहण्याजोगी स्थळे, अशी आमची समजूत होती. ‘अपूर्वाई’ 1960 साली आली. तीत परदेशातल्या इमारतींपेक्षा माणसेच अधिक लक्षात राहतात. ती वाचून आम्ही पुलंचे विनोद तेवढे उचलले. मथुरेच्या चहाचा तर आमच्या लेखात उल्लेखही नाही, आणि तो मित्र आम्हांला नऊ वर्षांनी भेटला होता.

आग्र्यास हे मासिक जाते. लेख आला त्या महिन्यात वहिनींचे पत्र आले. चंबळेचे वर्णन फार आवडले, असे त्यांनी कळवले आहे.