भिंत कोणाच्या मालकीची?

अटलांटिकच्या दोन्ही काठांवर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वाद पेटला आहे. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी युरोपला खडसावले. रशिया-चीनपेक्षा मोठा धोका घरातच आहे, युरोप आपल्या मूलभूत मूल्यांपासून मागे सरतो आहे, असा त्यांचा आशय होता. हे भाषण एका बाजूचा जाहीरनामा ठरले आहे. म्हणून साहित्यकृतीला विचारतो तोच प्रश्न त्यालाही विचारला पाहिजे: यात कोण बोलतो आणि कोणाविषयी मौन पाळले जाते?

ज्याचे तोंड बंद केले जाते तो माणूस या भाषणात आहे. ज्याच्याविरुद्ध विष ओकले जाते तो मात्र नाही. या मौनाची मुळे अमेरिकन परंपरेत आहेत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावासाठी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापलेल्या जाहिरातीबद्दल अलाबामातील ज्यूरीने ५ लाख डॉलरची भरपाई ठोठावली होती. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य काळ्या लोकांच्या लढ्याची ढाल झाले. पाच वर्षांनी, १९६९ साली, त्याच न्यायालयाने कु क्लक्स क्लॅनच्या ओहायोतील पुढाऱ्याची शिक्षा रद्द केली. तात्काळ हिंसेची चिथावणी नसेल तर द्वेषाचे भाषणही संरक्षित, असा दंडक पडला. ढाल तीच राहिली. या वेळी ती धमकावणाऱ्याच्या हाती गेली.

१९९६ च्या कायद्यातील २३० व्या कलमाने इंटरनेट कंपन्यांनाही ही ढाल मिळाली. लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर नाही. १४ मे २०२२ रोजी बफेलो शहरात एका वंशद्वेष्ट्याने १० काळ्या माणसांना ठार केले आणि हत्याकांडाचे थेट प्रक्षेपण केले. मृतांच्या नातेवाइकांनी कंपन्यांवर दावे लावले. २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयाने ते फेटाळले. या स्वातंत्र्याची किंमत कोणाच्या रक्ताने चुकती होते, हे म्युनिकमध्ये कोणी विचारले नाही.

युरोपचा २०२२ चा डिजिटल सेवा कायदा निदान उत्तर मागतो. मजकूर काढला तर कारण द्या, तक्रार ऐका, संशोधकांना माहिती द्या, असे तो बजावतो. दंड जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. डिसेंबर २०२५ मध्ये 'एक्स' कंपनीला १२ कोटी युरोचा दंड झाला, तो कोणाच्या मताबद्दल नव्हता. फसवी निळी खूण, जाहिरातींची अपारदर्शक नोंद आणि संशोधकांची अडवणूक ही त्याची कारणे होती. तरी त्याच महिन्यात अमेरिकेने माजी युरोपीय आयुक्त तिएरी ब्रतों यांच्यासह ५ युरोपीयांना प्रवेशबंदी केली, सेन्सॉरशिपच्या आरोपाखाली! याच सरकारने २०२५ मध्ये पॅलेस्टाईनची बाजू घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले होते.

म्हणून युरोपला मुक्तिदाता मानण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी पॅलेस्टाईन-समर्थक निदर्शनांवर सरसकट बंदीचा आदेश काढला होता. द्वेष रोखण्यासाठी शासनाच्या हाती दिलेली काठी दुबळ्याच्या पाठीवरही पडते, हे शोषितांना कोणी शिकवायला नको.

कंपन्यांचे शौर्यही आपण पाहिले आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये भारतभेटीवर असताना ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यांच्या हातात ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा, अशा आशयाचा फलक होता. गदारोळ होताच, हे कंपनीचे मत नव्हे, फलक एका दलित कार्यकर्तीने दिला होता, असा खुलासा झाला. कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने माफीही मागितली. स्वातंत्र्याचे हे व्यापारी कोणापुढे वाकतात, याचा हा दाखला आहे.

एक बाजू भिंतीच्या मालकाचे स्वातंत्र्य मागते, दुसरी भिंतीवर शासनाचा पहारा मागते. ज्याच्या नावाने त्या भिंतीवर शिव्या लिहिल्या जातात, त्याला निर्णयात जागा कोण देणार? मजकूर का ठेवला, का काढला, याचा जाब विचारण्याचा हक्क त्याच्या हाती आला पाहिजे. युरोपच्या कायद्यातील तेवढाच धागा मोलाचा आहे. तो हक्क मिळेपर्यंत हे भांडण दोन सत्ताधीशांचे आहे, आणि त्यात कोणाचाही झेंडा खांद्यावर घेण्याची आपल्याला गरज नाही.