‘सावकारी पाश’ आणि खिशातला सावकार

मंडळी, भैरवनाथाच्या या सोनारीत आज आपण एका जुन्या मूकपटावर बोलू. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’; कथा ना. ह. आपट्यांची. सावकारापायी जमीन गेलेला शेतकरी, म्हणजे व्ही. शांताराम, शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. चित्रपट मोठाच. पण आज बघताना एक गोष्ट आपल्याला खटकते. त्यातला सगळा दोष एका माणसाच्या लोभात आहे. तो माणूस ओळखता येतो, आणि गाव सोडलं की मागे राहतो.

आता? पोरगं परांड्याहून पुण्याला गेलं तरी मोबाइलवरचं कर्ज सोबत जातं. वसुलीवाला रात्री फोन करतो, शिव्या देतो, पाहुण्यारावळ्यांना कळवतो. जाब विचारला तर म्हणतो, मी कमिशनवरचा माणूस. कंपनी म्हणते, ती एजन्सी वेगळी. म्हणजे अपमान झाला, पण केला कुणीच नाही!

रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात ही पळवाट बंद केली. एजंटच्या वागण्याला कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्थाच जबाबदार. थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर फोन नाही. चारचौघांत बदनामी नाही.

तरी आपण म्हणतो, ‘कर्ज घेतलं ना, मग ऐकून घ्या.’ इथं आपण चुकतो. देणं खरं असेल तर फेडायचंच. पण अब्रू कुणी तारण ठेवलेली नसते. पेंटरांच्या पडद्यावर पाश आवळायला सावकार लागला. आज तो बदनामीचा निरोप वाचून हसणारे आपण पुरेसे आहोत.