‘सुधारणा’ कशाची? अन्वस्ताकार सौर संग्राहकांवरील संशोधनाची चिकित्सा

अन्वस्ताकार आरशाच्या नाभीरेषेवर नळी बसवून तीतील द्रव सूर्याच्या उष्णतेने तापविण्याची कल्पना नवी नव्हे. ईजिप्तमधील माडी येथे फ्रँक शूमन यांनी १९१३ साली याच तत्त्वावर पाणी उपसणारे यंत्र चालविले. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात १९८४ नंतर उभारलेल्या केंद्रांपैकी उत्तरकालीन केंद्रांत तेल सुमारे ३९०° सें. पर्यंत तापविले जाई. अलीकडील संशोधकांचे लक्ष मात्र आरशाहून नळीच्या अंतर्भागाकडे अधिक वळले आहे. नळीत पिळदार पट्टी बसवावी, आतून पंख काढावेत अथवा तेलात अतिसूक्ष्म कण मिसळावेत, आणि शेवटी ‘उष्णतासंक्रमणात सुधारणा झाली’ असा निष्कर्ष काढावा, ही या निबंधांची ठरीव रीत होय.

‘सुधारणा’ हा शब्द सापेक्ष आहे. ती कशाची व कोणत्या मोलाने, हे सांगितल्यावाचून त्यास अर्थ येत नाही. संक्षुब्ध प्रवाहाचा वेग दुप्पट केल्यास उष्णतासंक्रमणाचा गुणांक सुमारे पावणेदोनपट होतो. परंतु पंपास लागणारी शक्ती जवळजवळ सातपट होते. पट्टी वा पंख बसविल्यानेही प्रवाहास होणारा रोध वाढतोच. शिवाय अशा प्रवाहात नळीची भिंत व तेल यांच्या तापमानांतील अंतर मुळातच थोडे असते. निर्वात आवरणातील नळीची हानी मुख्यतः तिच्या बाह्य पृष्ठाच्या प्रारणाने होते. त्यामुळे गुणांक दुप्पट झाला तरी भिंतीचे तापमान काही अंशच उतरते आणि संग्राहकाची कार्यक्षमता फारशी वाढत नाही.

सूक्ष्मकणयुक्त द्रवांविषयी तर अधिक सावधगिरी हवी. स्टीफन चोई यांनी १९९५ साली त्यांस ‘नॅनोफ्लुइड’ हे नाव दिल्यावर अलौकिक उष्णतावाहकतेचे दावे झाले. तथापि तीसहून अधिक संस्थांनी मिळून केलेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक मापनांत, तपासलेल्या द्रवांची वाहकता मॅक्सवेल यांच्या जुन्या सिद्धान्ताच्या विस्तारित रूपाशी जुळणारीच आढळली.

याचा अर्थ हे प्रयत्न व्यर्थ आहेत असा नव्हे. प्रकाश नळीच्या एकाच बाजूस एकवटतो. ती बाजू अधिक तापून नळी वाकते व भोवतीची काच फुटण्याचा संभव असतो. अतितप्त तेलाचे विघटन होऊन निघणारा हायड्रोजन भिंतीतून झिरपून निर्वात बिघडवितो. तापमानातील ही विषमता कमी करणे, हेच अंतर्भागातील फेरफारांचे खरे श्रेय होय. दुर्दैवाने निबंधांच्या शीर्षकांत गुणांकाची वाढ मिरवते आणि नळीचे आयुष्य तळटीपेत जाते.

म्हणून पंपाची शक्ती वजा जाता उरणारी उपयुक्त ऊर्जा व नळीचा टिकाऊपणा, या दोन कसोट्यांवाचून ‘सुधारणा’ हा शब्द योजू नये. येथे शब्दाची शिथिलता ही विचाराचीच शिथिलता ठरते.