लाखाची मैदानं आणि शेवटची रांग

जगातलं सगळ्यात मोठं स्टेडियम कुठलं, हा क्विझमधला सोपा प्रश्न. उत्तर ठरलेलं: अहमदाबादचं नरेंद्र मोदी स्टेडियम, आसनक्षमता १,३२,०००. पण थोडं खोलात गेलं की गंमत सुरू होते. प्याँगयांगचं मे डे स्टेडियम कित्येक वर्षं दीड लाखाचं म्हणून सांगितलं जायचं. खुर्च्या मोजणाऱ्यांच्या मते तिथे सव्वा लाखसुद्धा भरत नाहीत. रिओच्या माराकानात १९५० च्या वर्ल्ड कपचा शेवटचा सामना बघायला पावणेदोन लाखांच्या जवळपास लोक तिकीट काढून आले होते. आज तिथे त्याच्या निम्मेही लोक बसत नाहीत. मैदान तेच आहे. बदलली ती एका माणसाला किती जागा लागते याची व्याख्या.

आकडा नुसता क्षमता सांगत नाही. मैदान बांधणाऱ्यांनी प्रेक्षकाला काय समजून बांधलंय, हेही तो सांगतो. हे नीट बघायचं असेल तर अमेरिकेत जावं लागतं. लाखाच्या वर क्षमता असलेली तिथली मैदानं गेली अनेक वर्षं कॉलेज फुटबॉलची आहेत: मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम, लुईझियाना स्टेट, टेनेसी, टेक्सस, अलाबामा. व्यावसायिक लीगचं, म्हणजे एनएफएलचं, नेहमीच्या वापरातलं सर्वात मोठं मैदान न्यू जर्सीचं मेटलाइफ, साधारण साडेब्याऐंशी हजारांचं. म्हणजे जिथे पैसा उघडउघड जास्त, तिथली मैदानं लहान. असं का?

बाक आणि खुर्ची

पहिलं कारण अगदी घरगुती आहे: बाक. मिशिगन स्टेडियमची अधिकृत क्षमता १,०७,६०१. वानखेडेसारखी तीन मैदानं आत मावतील आणि वर काही हजार माणसं उरतील. ॲन आर्बर हे गावच सव्वा लाख वस्तीचं. पण यातल्या बहुतेकांना खुर्ची मिळत नाही. लांबच लांब बाक, त्यावर रंगवलेले नंबर, आणि दोन नंबरांमध्ये साधारण दीड फूट. नोव्हेंबरमध्ये सगळे जाड जॅकेट घालून आले की हा दीड फूट कागदावरच राहतो. शेजाऱ्याचा गुडघा, त्याचा खांदा, त्याने सांडलेली हॉट चॉकलेट, सगळं आपलंच.

आपल्याकडे ईडन गार्डन्सचं हेच झालं होतं. जुन्या ईडनमध्ये लाखभर लोक बसायचे. २०११ च्या वर्ल्ड कपसाठी नूतनीकरण झालं, सुट्या खुर्च्या आल्या आणि क्षमता साठ-सत्तर हजारांच्या दरम्यान येऊन थांबली. इंग्लंडच्या मोठ्या मैदानांतले उभं राहून बघण्याचे कठडे १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेनंतर हळूहळू गेले. बाक हा या दोन्हींच्या मधला प्रकार: उभं राहण्याइतका दाट आणि बसण्याइतका सुरक्षित. मिशिगनमध्ये विद्यार्थी बाक बसायला वापरतच नाहीत म्हणा, सामनाभर त्यावर उभे असतात.

दुसरं कारण खेळाच्या आकाराचं. अमेरिकन फुटबॉलचं मैदान साधारण ११० मीटर लांब आणि ४९ मीटर रुंद. क्रिकेटची सीमारेषा मधल्या खेळपट्टीपासूनच साठ ते ऐंशी मीटर लांब. म्हणजे सीमारेषेला चिकटून बसलेला प्रेक्षकही खेळपट्टीपासून तेवढा दूर, आणि सव्वा लाखाच्या मैदानातला वरचा प्रेक्षक शंभर मीटरच्या कितीतरी पुढे. चेंडू सात सेंटिमीटरचा. वरच्या रांगेतून माणूस चेंडू बघत नाही, क्षेत्ररक्षक कुठे पळतोय ते बघून चेंडूचा अंदाज बांधतो. लाखाचं क्रिकेट मैदान ही मुळातच अवघड गोष्ट आहे. लाखाचं फुटबॉल मैदान जमू शकतं.

खड्ड्यातलं मैदान

मिशिगनने ते जमवलं कसं? फील्डिंग योस्ट हे तिथले प्रशिक्षक, मग क्रीडा संचालक. त्यांनी १९२७ मध्ये हे मैदान उभं केलं, तेव्हा साधारण ७२,००० आसनांचं. पाया मात्र पुढे लाखाच्या वर जाता येईल असा घालून ठेवला. पैसा उभा करायला ५०० डॉलरचे रोखे काढले आणि घेणाऱ्यांना चांगल्या जागेची तिकिटं विकत घ्यायचा हक्क दिला. मैदानाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जमिनीखाली आहे. बाहेरून तुम्ही चालत येता तेव्हा फार भव्य काही दिसत नाही. समोरच्या हायस्कूलच्या पार्किंगमध्ये सकाळपासून गाड्यांच्या मागे शेगड्या पेटलेल्या असतात, बर्गर भाजले जात असतात. तिथून गेटपाशी येता, आत शिरता, आणि एकदम पायाखाली अख्खी वाटी उघडते. चढून जायचं नाही, उतरायचं. वास्तू म्हणून हा या मैदानाचा सगळ्यात चांगला गुण.

वाटी एकाच सलग उताराची. वरचा मजला, खालचा मजला असा भेद मूळ रचनेत नाही. याची किंमतही आहे. उतार सौम्य, त्यामुळे शेवटच्या रांगा आडव्या अंतराने खूप मागे जातात. आणि उघड्या वाटीतून आवाज निसटतो. लाखभर माणसं ओरडूनही हे मैदान शांत असल्याची ख्याती होती, प्रतिस्पर्धी संघांचे चाहते त्यावरून टोमणे मारायचे. पण शेवटच्या रांगेतला माणूस आणि पहिल्या रांगेतला माणूस एकाच उतारावर, एकाच बाकावर, एकाच पावसात बसलेले असतात. छप्पर कुणालाच नाही.

२०१० मध्ये हे बदललं. साधारण २२ कोटी ६० लाख डॉलर खर्चून दोन्ही बाजूंना विटांचे उंच टॉवर उभे राहिले, त्यात काचेआडचे सूट आणि क्लबच्या खुर्च्या. टॉवरांमुळे आवाज आत परतायला लागला, मैदान खरोखर जास्त दणाणू लागलं. हे मान्य करायलाच हवं. पण गर्दीचा आवाज ज्या भिंतीवर आपटून परत येतो, त्या भिंतीच्या आत बसलेले लोक उबेत असतात.

याच काळातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मिशिगनच्या अधिकृत क्षमतेच्या शेवटी १९५६ पासून नेहमी एक असतो. कारण असं सांगतात की ती एक जागा माजी प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांच्या सन्मानार्थ आहे, आणि ती नेमकी कुठे हे गुपित. चाहते हे प्रेमाने सांगतात, आणि आहेच ते प्रेमाचं. पण त्याच मैदानावर २००७ साली अपंग माजी सैनिकांच्या संघटनेला खटला भरावा लागला, कारण लाखाहून जास्त जागांत व्हीलचेअरसाठीच्या जागा शंभरही नव्हत्या. २००८ मध्ये तडजोड झाली आणि त्या वाढवायचं विद्यापीठाने कबूल केलं. एका आठवणीसाठी अर्धशतक जागा राखून ठेवणाऱ्या मैदानाला जिवंत प्रेक्षकाच्या जागेसाठी कोर्टाची पायरी लागली. भव्यता कुणाची मोजायची, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आकड्याच्या मागे लागलं की

नुसत्या विक्रमासाठी मैदान भरायला गेलं की काय होतं, ते टेक्ससमधल्या आर्लिंग्टनने दाखवलं. तिथलं काउबॉईज संघाचं स्टेडियम २००९ मध्ये उघडलं. मध्यावर टांगलेला १६० फूट लांबीचा स्क्रीन हे त्याचं वैशिष्ट्य. तिकीट काढून आलेला माणूस बराच वेळ मान वर करून टीव्हीच बघतो, ही तिथल्या चाहत्यांची नेहमीची थट्टा.

फेब्रुवारी २०११ मध्ये तिथे सुपर बोल होता. सुपर बोलच्या गर्दीचा विक्रम १९८० मधला, १,०३,९८५. तो गाठायच्या नादात तात्पुरत्या खुर्च्या टाकल्या गेल्या आणि सामन्याच्या दिवशी त्यातल्या साधारण १,२५० वापरण्याजोग्या नाहीत असं ठरलं. बहुतेकांना दुसरीकडे बसवलं. सुमारे ४०० जणांना हातात तिकीट असून जागाच नव्हती. छापील किमतीच्या तिप्पट पैसे परत मिळाले, खटले झाले. अधिकृत उपस्थिती लागली १,०३,२१९. विक्रम आठशेहून कमी माणसांनी हुकला.

प्रेक्षक की सेट?

आता आपल्या ओळखीच्या गर्दीकडे येऊ. जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचं नासाऊ काउंटी मैदान. आयझेनहॉवर पार्कमध्ये काही महिन्यांत उभं केलेलं, ३४,००० क्षमतेचं. काही स्टँड लास वेगासच्या फॉर्म्युला वन शर्यतीतून आणलेले, खेळपट्ट्या फ्लोरिडात वाढवून ट्रकने आणलेल्या. रचना पॉप्युलस कंपनीची. अहमदाबादचं मैदानही तिचंच. म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं क्रिकेट मैदान आणि दहा दिवसांत गुंडाळलेलं क्रिकेट मैदान एकाच घरातली भावंडं.

९ जूनला भारत-पाकिस्तान. न्यू जर्सीतून, बोस्टनहून, टेक्ससहून लोक आले. आजी-आजोबा व्हिसावर आलेले, नातवंडं निळ्या जर्सीत. तिकिटं शेकडो डॉलरची, खास क्लबमधली हजारो डॉलरची. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला, डोक्यावर छप्पर नाही. भारत ११९ सर्वबाद, पाकिस्तान ११३, सहा धावांनी जिंकलो, बुमराहचे तीन बळी. खेळपट्टी इतकी लहरी की टी-ट्वेंटीत हवे ते फटके दिसलेच नाहीत. तरी आलेल्यांना विचारा, जन्मभर सांगतील.

मग तक्रार कशाची? वेळेची. नासाऊचे सामने सकाळी साडेदहाला सुरू व्हायचे, कारण तेव्हा भारतात रात्रीचे आठ वाजतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी साडेदहाला मॅच म्हणजे अमेरिकेत नोकरी करणाऱ्याने रजा टाकायची. मैदान लाँग आयलंडवर होतं, पण त्याची पहिली रांग ठाण्यातल्या सोफ्यावर होती. शेकडो डॉलर मोजून प्रत्यक्ष बसलेला माणूस एका अर्थाने त्या प्रक्षेपणाचा सेट होता, निळ्या रंगाची पार्श्वभूमी.

आणि तरीही गर्दीने स्वतःचं काहीतरी केलंच. १२ जूनला भारत विरुद्ध अमेरिका. मुंबईकडून रणजी खेळलेला, नंतर कॉर्नेलला शिकून तिकडेच इंजिनियर झालेला सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडून गोलंदाजीला. त्याने कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं, मग रोहितलाही. तिथे बसलेल्या मराठी माणसाने त्या क्षणी टाळी कुणासाठी वाजवायची? हा प्रश्न टीव्हीवरच्या प्रेक्षकाला पडत नाही. तो त्या मैदानात बसलेल्यालाच पडतो, आणि त्यासाठीच मैदान लागतं. तो शेवटचा सामना. मग स्टँड उतरवले गेले.

हक्काची गर्दी

नासाऊ आणि मिशिगन यांतला खरा फरक ३४ हजार आणि लाख हा नाही. मिशिगनच्या गर्दीला आपण मालक आहोत असं वाटतं, आणि कधीकधी ती तसं वागते.

सप्टेंबर २०१४. मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात मिशिगनच्या क्वार्टरबॅकच्या डोक्याला मार बसला. तो झोकांड्या खात होता, सहकाऱ्याने त्याला धरलं, तरी त्याला खेळत ठेवलं गेलं. प्रशिक्षक म्हणाले, मला ते दिसलं नाही. पण मैदानात बसलेल्या लोकांना दिसलं होतं, आणि त्यांनी हुर्यो उडवून ते तिथेच सांगितलं. त्याआधीच विद्यार्थ्यांच्या तिकिटांचे दर वाढून नाराजी साठली होती. तीन दिवसांनी विद्यार्थ्यांनी कॅम्पसवर मोर्चा काढला. ऑक्टोबरच्या अखेरीस क्रीडा संचालक डेव्ह ब्रँडन यांनी राजीनामा दिला, आणि पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या तिकिटांचे दर उतरले.

याला आदर्श म्हणून मखरात बसवायचं कारण नाही. हीच गर्दी कित्येक दशकं विनावेतन खेळणाऱ्या मुलांच्या जिवावर सामने बघत आली. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर उघडली. पण लाख माणसं एकत्र बसवण्याचा काही सार्वजनिक उपयोग असेल, तर तो हाच: लाख साक्षीदार. कॅमेरा दुसरीकडे वळवता येतो, बाक वळवता येत नाहीत.

आपल्याकडे हा हक्क तिकिटाच्या खिडकीवरच संपतो. वानखेडे मुळात जन्मलं तेच ब्रेबॉर्नवरच्या तिकीटवाटपाच्या भांडणातून. २०११ च्या वर्ल्ड कप फायनलला तिथल्या सुमारे ३३ हजार जागांपैकी सर्वसामान्यांच्या विक्रीला साधारण चार हजार आल्या, बाकी क्लब, संस्था, प्रायोजक. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादमध्ये ९२ हजारांवर लोक फायनलला होते, आणि ऑस्ट्रेलियाने त्या गर्दीला गप्प केलं याची चर्चा आपण अजून करतो. ती गर्दी गप्प का झाली याची उत्तरं अनेक असतील. पण तिकिटं कुणाकडे गेली होती, हा प्रश्न त्यात पहिल्या पाचात तरी यायला हवा.

आता नव्या मैदानाची घोषणा होईल, दीड लाखाची, दोन लाखांची. आकडा ऐकून घ्यावा. मग विचारावं: खिडकीवर किती तिकिटं? व्हीलचेअरच्या जागा किती? शेवटच्या रांगेतून चेंडू दिसतो का, तिथे पाणी मिळतं का, सामना संपल्यावर शेवटची लोकल मिळते का? यांची उत्तरं घोषणेत नसतात, म्हणून ती आपणच मागायची.